उतरणीच्या खुणा

या, असे जवळ सरका. मागे भिंतीला टेकून बसलेत त्यांनीही पुढे या. माझा आवाज बसलाय आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही. हिच्यात राजा नाही, लढाई नाही, चमत्कार तर मुळीच नाही. एक रंगारी आहे, त्याची बायको आहे, आणि एक माणूस असा आहे की जो गोष्ट सुरू होण्याआधीच गेलेला आहे. पण देवाला अशीच माणसं आवडत असावीत, नाहीतर त्याने एवढी कशाला घडवली असती? तेव्हा मन इकडे द्या. शेवटी तुमच्याकडे एक मागणं मागणार आहे, तेही आत्ताच सांगून ठेवतो.

तर रंगारी पहिल्याच चढावर दम खायला थांबला होता, आणि त्याची बायको दहा पावलं पुढे उभी राहून हसत होती.

"एकतीस वर्षं या डोंगराचं कौतुक ऐकवलंत," ती म्हणाली, "आणि पहिल्या वळणाला तुमचीच गाडी बंद पडली!"

"गुडघा आहे गं. डोंगराचा काही दोष नाही."

"डोंगराला कधी दोष दिलाय तुम्ही? दोष सगळा माझ्या स्वयंपाकाला."

रंगाऱ्याने हसून घाम पुसला. सहा दिवसांनी तो निवृत्त होणार होता. लग्न झाल्यापासून तो तिला म्हणायचा, एकदा वर नेईन तुला. मग कधी पोरं लहान, कधी सासू आजारी, कधी याचीच कंबर धरलेली. आता नाही तर कधीच नाही म्हणून त्या रविवारी दोघं निघाली होती. तिच्या पिशवीत पाव, उकडलेले बटाटे आणि थर्मासात चहा.

हा डोंगर राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीबाहेर. उद्यानात तिकीट, जीपगाड्या, गणवेशातले रक्षक, पायऱ्यांना कठडे. कुंपणाच्या अलीकडे मात्र मोकळं सरकारी रान. कोणीही यावं, तंबू ठोकावा, तळ्यात गळ टाकून बसावं, डोंगर चढून वरच्या सुळक्याखाली फोटो काढावा. ना फाटक, ना विचारणारा. विचारणारा नाही म्हणूनच तर रंगारी होता. वाहनतळाजवळच्या स्वच्छतागृहाच्या भिंतीवर पहिली पिवळी खूण, तिथून सुळक्यापर्यंत दगडांवर, खोडांवर सव्वाशेच्या वर खुणा. हातभर लांब, चार बोटं रुंद. दर वर्षी हंगाम सुरू व्हायच्या आधी तारेच्या ब्रशाने शेवाळ खरवडायचं, ओला फडका फिरवायचा, वाळू द्यायचं आणि नवा रंग चढवायचा. उद्यानात काम करणाऱ्यांना लोक सलाम करत. रंगाऱ्याला लोक स्वच्छतागृहाची किल्ली मागत.

"ही पण तुमचीच?" बायको प्रत्येक खुणेपाशी विचारत होती.

"माझीच."

"आणि ती, तिकडची?"

"तीही. आता बघ, या खुणेपाशी उभं राहिलं की पुढची दिसलीच पाहिजे. दिसली नाही तर मधे आणखी एक. माझ्या आधीच्या म्हाताऱ्या रंगाऱ्याने शिकवलं होतं मला. म्हणायचा, तुला वाट ठाऊक आहे हे आधी विसर, मग ब्रश उचल."

"तुमच्या सदऱ्यावर इतका रंग सांडलाय, की एखादा तुम्हालाच खूण समजून वळायचा."

"वळलीस ना तू?"

"चला, काहीतरीच," ती म्हणाली, पण पुढचा अर्धा चढ तिच्या ओठांवर ते हसू राहिलं.

सकाळी चढायला लागण्याआधी मात्र एक गोष्ट घडली होती, ती सांगायला हवी. वाटेच्या तोंडाशी एक पांढरी पाटी आहे. बायको पाटीसमोर थांबली आणि तिने मोठ्याने वाचलं, "खुणा सोडून जाऊ नका. खुणा सोडल्यामुळे येथे एका माणसाचा मृत्यू झाला आहे." वाचून तिने विचारलं, "हाच ना तो घड्याळजी?"

"हाच," रंगारी म्हणाला आणि पुढे चालू लागला.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. शहरात घड्याळं दुरुस्त करणारा एक माणूस, चाळिशी उलटलेला, एकटाच चढून गेला होता. हंगाम अजून लागायचा होता, रानात चिटपाखरू नव्हतं. दुपारी डोंगरावर ढग उतरला. माणूस उतरलाच नाही. दोन दिवसांनी ओढ्याच्या घळीत सापडला. शोधायला गेलेल्यांत रंगारीही होता. जिथे वाट वाकड्या झाडापाशी वळते, तिथे झाडाच्या फांदीला घड्याळजीचा निळा रुमाल होता. चौकशी झाली तेव्हा त्या वेळच्या साहेबांनी रंगाऱ्याला विचारलं, खुणा होत्या का? रंगाऱ्याने छातीवर हात ठेवून सांगितलं, "होत्या साहेब. त्याच आठवड्यात मी स्वतः मारल्या होत्या. रंग बोटाला लागत होता इतका ताजा." कागदावर लिहिलं गेलं, मृताचा निष्काळजीपणा. रुमालाचं लिहिलं गेलं, वाटेत विसरला. आणि वर्षभरात पाटी लागली.

घड्याळजीला एक थोरली बहीण होती. कपडे शिवून घर चालवणारी, बिनलग्नाची. दर वर्षी तो गेला त्याच तारखेला ती बसने यायची, पाटीसमोरच्या दगडावर तासभर बसायची आणि रंगारी दिसला की तेच बोलायची. "दादा, तो खुणा सोडणाऱ्यातला नव्हता हो. केसाएवढा स्क्रू हरवला तर तो सापडेपर्यंत जेवायला न उठणारा माणूस. रुमाल विसरेल तो?" रंगारी मान हलवायचा. पहिली काही वर्षं त्याला तिची कीव यायची. मग कंटाळा यायला लागला. अलीकडे तर ती तारीख आली की तो मुद्दाम तळ्याकडे काम काढायचा. माणूस थकला की त्याला दुसऱ्याचं दुःखही जड होतं. देव त्याला क्षमा करो, आपल्यालाही करो.

असो. दोघं वर पोचली. सुळक्याच्या सावलीत बसून त्यांनी पाव आणि बटाटे खाल्ले. खाली उद्यानाचं दाट जंगल आणि अलीकडे हे उघडं, भुरकं रान, मधे तळ्याचा तुकडा. बायको पदराने वारा घेत सगळं बघत होती.

"कसं आहे?" त्याने विचारलं.

"एवढं रोज बघून घरी यायचात, आणि घरी येऊन आमटीत मीठ कमी आहे म्हणायचात?"

उतरायला लागल्यावर रंगाऱ्याचा गुडघा बोलू लागला. चढ परवडतो, उतार मारतो. दर दोन पावलांनी तो थांबायचा. शेवटी तो बायकोला म्हणाला, "तू हो पुढे. खुणा बघत जा, चुकायचा प्रश्नच नाही. खाली दगडावर बसून राहा, मी येतो हळूहळू."

ती गेली. रंगारी काठी टेकत, बसत उठत उतरत राहिला. अर्ध्या तासाने तो वाकड्या झाडापाशी आला, तर बायको तिथेच उभी. एका हाताने झाडाची फांदी घट्ट धरलेली. तोंड उतरलेलं.

"अगं, इथे काय करतेस?"

"कुठल्या बाजूला जायचं ते कळेना."

"म्हणजे? खुणा आहेत की!"

"कुठे आहेत? येताना होत्या. जाताना एकही दिसली नाही मला, वरपासून. सकाळी आलेलो ते आठवत आठवत इथवर आले. इथे दोन वाटा दिसल्या. चढताना ही दुसरी नव्हतीच!"

"ती ओढ्याच्या घळीतून येऊन मागून मिळते. चढताना लक्षात येत नाही."

"मग उतरणाऱ्याला कसं कळायचं? ही डावीकडची तर चांगली रुंद दिसते. दोनदा चार पावलं गेले आणि परत आले. हे झाड सोडलं तर मग काहीच उरणार नाही, म्हणून धरून उभी राहिले."

 रंगारी वळला आणि ज्या वाटेने उतरला होता तिच्याकडे त्याने पाहिलं. मग पुन्हा खालच्या बाजूला पाहिलं. समोर त्याचाच दगड होता, ज्यावर तो एकतीस वर्षं रंग देत आला होता. त्याची वरची बाजू कोरी होती. राखाडी, शेवाळलेली, कोरी. तो लंगडत दगडाला वळसा घालून खाली गेला. खालच्या अंगाला पिवळी खूण ताजी टवटवीत होती, चढणाऱ्याच्या डोळ्यांसमोर.

मंडळी, चूक कशी होते बघा. हा माणूस आळशी नव्हता, बेफिकीर नव्हता. रोज सकाळी भरलेला डबा घेऊन तो खालून वर चढायचा, नवख्याचे डोळे लावून खूण शोधायचा आणि रंगवायचा. डबा रिकामा झाला की कामही संपलं. उतरताना तो नवखा नसायचा. उतरताना तो दमलेला, भुकेला, घराकडे निघालेला रंगारी असायचा, आणि त्याच्या पायांना वाट पाठ होती. म्हाताऱ्या रंगाऱ्याचा धडा त्याने अर्धाच गिरवला होता. हंगामात लोक एकामागे एक उतरतात, पुढच्याची पाठ हीच खूण. म्हणून कोणी कधी विचारलं नाही.

बायकोने अजून फांदी सोडली नव्हती. रंगाऱ्याचं लक्ष तिच्या हाताकडे गेलं. तो तिथेच खाली बसला.

"काय झालं? चक्कर आली का?"

"तो रुमाल याच फांदीला होता," तो म्हणाला. "मीच सोडला होता, त्याच्या बहिणीला द्यायला. दोन गाठी होत्या त्याला. नखं दुखली सोडताना. विसरलेल्या रुमालाला कोणी गाठी मारतं का गं?"

ती त्याच्याजवळ बसली. जरा वेळाने तिला उमगलं. घड्याळजीने खूण सोडली नव्हती. त्याला खूण सापडत नव्हती. म्हणून ढगात शिरण्याआधी त्या नीटनेटक्या माणसाने आपली स्वतःची एक खूण बांधून ठेवली होती, परत तिच्यापाशी येता यावं म्हणून.

उजवीकडच्या वाटेने दोघं उतरली आणि घरी आली. जेवणं झाल्यावर रंगारी म्हणाला, "पुढच्या वर्षी नवे लोखंडी खांब येणार आहेत. दोन्ही बाजूंनी बाण. रंगाचं कामच बंद. म्हणजे आता तसा प्रश्न उरत नाही."

बायको भांडी पुसत होती. "खांबांचं झालं," ती म्हणाली. "पाटीचं काय?"

"सहा दिवस राहिलेत माझे."

"म्हणून तर विचारतेय. सातव्या दिवशी विचारून काय करू?"

सोमवारी तो कचेरीत गेला. साहेब वयाने त्याच्या पोराएवढे, स्वभावाने वाईट नाहीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पेन खाली ठेवलं.

"काका, नऊ वर्षं झाली. फाइल बंद आहे. आता उकरून कोणाचं भलं होणार?"

"त्याच्या बहिणीचं होईल साहेब."

"आणि तुमचं काय होईल? चांगल्या शेऱ्याने निवृत्त होताय. घरी जा, नातवंडं खेळवा."

"चौकशीत मी खोटं बोललो."

"खोटं नाही, तुम्हाला माहीत नव्हतं."

"तेच लिहा मग. रंगाऱ्याला माहीत नव्हतं, असं लिहा."

साहेबांनी खणातून कोठाराची किल्ली काढली. मग म्हणाले, "कोठारात थोडा रंग पडलाय, तो घ्या. खुणा मारायच्या तर मारा. पण पाटीला हात लावू नका. ती वरून आलीय."

तीन डबे होते, त्यातला एक अर्धा सुकलेला. मंगळवारपासून रंगारी चढू लागला. वर जायचं रिकाम्या हाताने आल्यासारखं, काहीही न रंगवता, आणि सुळक्यापासून उलटं उतरत यायचं, दर खेपेला आदल्या दिवशीच्या शेवटच्या खुणेपासून पुढे. पहिल्या दिवशी त्याच्या लक्षात आलं की हे त्याला एकट्याला जमणार नाही. वाट विसरायचा किती प्रयत्न केला तरी पाय आपले बरोबरच पडत होते. एकतीस वर्षं पाठ झालेलं चार दिवसांत कसं विसरणार?

"मी येते," बायको म्हणाली. "मला कुठे वाट येतेय? मी पुढे चालते. जिथे अडेन तिथे तुम्ही ब्रश फिरवा."

आणि तसंच झालं. ती पुढे, तो मागे. ती चालायची, थांबायची, इकडेतिकडे बघायची. "इथे मला काही कळत नाही हो," ती म्हणायची, आणि तो गुडघा धरून खाली बसायचा, शेवाळ खरवडायचा, फडका फिरवायचा. शेवाळाखालचा दगड कधी प्रकाश न पाहिल्यासारखा फिका असायचा. रंग वाळेपर्यंत दोघं बाजूला बसायची.

"इतकी वर्षं तुम्हाला वाटायचं ना, हिला काहीच कळत नाही?" एकदा ती म्हणाली. "बघा, शेवटी तेच कामाला आलं."

तो हसला नाही. नुसतं म्हणाला, "आणखी एक हवी का मधे?"

"हवी. ढग असेल तर हवी."

शुक्रवारी दुपारी वाकडं झाड आलं. तिथे त्याने तीन खुणा मारल्या. दगडाच्या वरच्या अंगावर एक, झाडाच्या खोडावर एक, आणि उजवीकडच्या कातळावर एक, इतकी मोठी की सुळक्यावरूनही दिसावी. डावीकडच्या रुंद वाटेवर दोघांनी मिळून दगडांची एक आडवी ओळ रचली. मग तो बराच वेळ त्या फांदीकडे बघत बसला. बायकोने चहा ओतून दिला, तो तसाच निवला.

शनिवार हा त्याच्या नोकरीचा शेवटचा दिवस, आणि देवाची करणी म्हणा, तीच तारीख. या वेळी तो तळ्याकडे गेला नाही. पाटीसमोर उभा राहिला. बस आली, बहीण उतरली. केस आता सगळे पांढरे, हातात तीच कापडी पिशवी. दगडावर बसून तिने नेहमीसारखी सुरुवात केली, "दादा, तो खुणा सोडणाऱ्यातला..."

"नव्हता," रंगारी म्हणाला. "ताई, तुमचा भाऊ खुणा सोडणाऱ्यातला नव्हता. खुणा नव्हत्याच. चढणाऱ्याला होत्या, उतरणाऱ्याला मी मारल्याच नव्हत्या. मला रविवारी कळलं. रुमाल तो विसरला नव्हता, त्याने बांधला होता. परत यायला."

तिने पिशवी खाली ठेवली. रडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "नऊ वर्षं मी हेच सांगत होते."

"हो."

"आणि तुम्ही मान हलवत होता."

"हो, ताई."

"त्याला जाताना असं वाटलं असेल का हो, की आपलंच काहीतरी चुकलं?"

 रंगाऱ्याने मान खाली घातली. ती पाटीकडे वळली आणि तिने ती वाचली, आयुष्यात पहिल्यांदाच वाचत असल्यासारखी. मग तिने विचारलं, "तुमच्याकडे रंग उरलाय?"

डब्याच्या तळाला जेमतेम होता. त्याने ब्रश तिच्या हातात दिला. सांगायला हवं होतं की पाटीला हात लावायची मनाई आहे, पण तो बोलला नाही. उलट पाटीचा खांब त्याने दोन्ही हातांनी धरला, हलू नये म्हणून. तिने आयुष्यभर कापडावर सरळ रेघा मारल्या होत्या. तिने सावकाश, एकही थेंब बाहेर न जाऊ देता, फक्त दोन शब्द झाकले. "खुणा सोडल्यामुळे" हे दोन शब्द. बाकीचं तसंच ठेवलं. आता पाटीवर पिवळ्या पट्टीनंतर एवढंच उरलं, "येथे एका माणसाचा मृत्यू झाला आहे."

ब्रश परत देताना ती म्हणाली, "तुम्हाला माफ केलं असं मी म्हणणार नाही."

"नका म्हणू."

"पण बरं झालं, सांगितलंत." मग ती पिशवी उचलून बसथांब्याकडे गेली. त्या दिवशी ती तासभर बसली नाही.

रंगाऱ्याला कचेरीतून शेवटचा कागद आला तो चांगल्या शेऱ्याचा नव्हता. सरकारी पाटी विद्रूप केल्याची नोटीस होती. बायकोने ती वाचली, घडी केली आणि रिकाम्या डब्यात ठेवून दिली. तो डबा अजून त्यांच्या खिडकीत आहे. पुढच्या वर्षी खांब आले, बाणही आले. रंगारी पुन्हा वर गेला नाही, गुडघ्याने जाऊ दिलं नाही. पाटी मात्र कोणी बदलली नाही. साहेबांकडून ती बदलायची राहून गेली म्हणतात. साहेब तसे वाईट नव्हते.

आता माझं मागणं. तुम्ही कधी त्या रानात गेलात, वर जाऊन फोटोबिटो काढलेत, आणि दमूनभागून घराच्या ओढीने उतरायला लागलात, तर दगडांच्या वरच्या अंगाला बघा. ऊनपावसाने फिकट झालेल्या पिवळ्या खुणा दिसतील. वाकड्या झाडापाशी जरा थांबा. रंगाऱ्याची आठवण काढली नाहीत तरी चालेल, तो स्वतःच तसं म्हणायचा. पण त्या घड्याळजीची काढा. वाट सापडेना तेव्हाही त्याने रुमालाला दोन गाठी मारल्या होत्या. त्याला आठवा, आणि मग सावकाश खाली या.